आक्काच्या छातीचं माप

“केस सोड.”

बेळगावात टिळकवाडीतल्या बंगल्याचा व्हरांडा. मी पायऱ्यांच्या खाली उभी. वर वेताच्या खुर्च्या. एकीत डॉक्टर, दुसरीत त्यांची बायको, समोर एक वकील आणि वकिलीणबाई. चहा चाललेला. मी नोकरी मागायला गेलते. मॅट्रिक झाले होते. मिशनच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. मला वाटलं, इंग्रजी वाचायला लावतील. गणित घालतील. वाटेनं मी मनातल्या मनात धडे म्हणत गेलते.

“केस सोड म्हटलं ना. ऐकू येत नाही का?”

परक्या पुरुषांसमोर बाईनं केस सोडायचे? आमच्यात बाई मयताला केस सोडते. माझा हात अंबाड्यावरून हलेना. मग डॉक्टरांच्या बायकोनं समजावलं, “अगं, शास्त्रासाठी आहे ते. लाजतेस काय एवढी?”

सोडले.

डॉक्टर उठले. पायरीपर्यंत आले आणि तिथंच थांबले. हातात छडी. छडीच्या टोकानं हवेतल्या हवेत माझं डोकं दाखवायला लागले. टोक अंगाला लावलं नाही हं. बोटभर लांब. कपाळ. भुवया. नाक. “नाकाची रुंदी बघा, वकीलसाहेब. इतका शुद्ध नमुना हल्ली मिळत नाही.” मग मला म्हणाले, “तोंड उघड.” उघडलं. वकिलीणबाई कपबशी हातात घेऊन पुढं वाकल्या.

“अगबाई, दात काय सुरेख आहेत हो हिचे! ह्या लोकांचे दात चांगलेच असतात, नाही?”

“दात आणि पाठ,” डॉक्टर म्हणाले. सगळे हसले. वाईट नाही हसले. खेळीमेळीनं हसले. बाजारात बैल पसंत पडला की माणसं हसतात, तसं.

“उद्यापासून ये. मागच्या दारानं.”

मी “हो जी” म्हणाले. आजही ते ‘हो जी’ आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आज मी ह्याच शास्त्रावर पोट भरते. माणसाची उंची, वजन, छाती, हाडं, दात. त्यावरून माणूस कशानं खंगतो, कशानं मरतो, ते शोधायचं. बाहेर स्वातंत्र्य येणार म्हणून झेंडे शिवणं चाललंय आणि मी इथं मुंबईत एका खोलीत बसून गिरणीकामगारांच्या पोरांची वजनं मांडते. लोक विचारतात, बाई, ह्या कामाची आवड कशी काय लागली हो तुम्हाला? आवड म्हणे! ऐका तर मग.

आमचं गाव निपाणीच्या पलीकडं, कोगनोळीच्या वाटेवर. गावाबाहेर महारवाडा, त्यात आमचं घर. आई खोकून खोकून मेली. आप्पा तसाच गेला. मला वाढवलं ती आक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं. तिचा नवरा पटकीत गेलेला, पोटाला मूल नाही. मलाच मूल मानलं तिनं. निपाणीला तंबाखूच्या वखारीत जायची. तंबाखू झोडायची, चाळायची. वारा आला की भुकटी उडते, माल वाया जातो, म्हणून वखारीच्या खिडक्या खिळे ठोकून बंद. आत बायका, नाकावर पदर. संध्याकाळी आक्का घरी आली की आधी भिंतीला धरून ओकायची, मग चूल पेटवायची. मी तिच्या कुशीत झोपले की मला शिंका यायच्या. तिचं थुंकणंसुद्धा तपकिरी असायचं.

मी म्हणायची, “मी पण येते वखारीत.”

“तंगडं मोडीन,” आक्का म्हणायची. “तू शीक. तुला हितं न्हाय यायचं.”

आणि तिनं मला खरंच बेळगावला मिशनच्या बोर्डिंगात नेऊन टाकलं. रडले, लाथा झाडल्या. मागं वळून बघितलं नाही बयेनं.

तिथं शिकता शिकता एकच गोष्ट माझ्या डोक्यात बसली. आमची माणसं म्हातारी का होत नाहीत? गावात ब्राह्मणाची म्हातारी आहे, पाटलाचा म्हातारा आहे. महारवाड्यात काठी टेकत चालणारं माणूस शोधावं लागायचं. हे का? कोण सांगणार? शाळेतल्या बाई म्हणाल्या, ते डॉक्टर ह्याचाच अभ्यास करतात, विलायतेला शिकून आलेत, जिल्ह्यातल्या सगळ्या जातींच्या प्रकृतीवर मोठं पुस्तक लिहितायत. म्हणून मी त्या व्हरांड्याखाली गेले. म्हणून केस सोडले. आणि म्हणून दुसऱ्या दिवशी मागच्या दारानं आत शिरले.

डॉक्टरांना मी हवी होते, ते बायकांसाठी. आमच्या बायका पुरुषाला हात लावू देत नव्हत्या, आणि डॉक्टर आमच्या बायकांना हात लावत नव्हते. दोन्हीकडून अडलेलं शास्त्र माझ्या हातानं चालायला लागलं. मी मोजायची आणि मोठ्यानं आकडा सांगायची. डॉक्टर लांब झाडाखाली खुर्ची टाकून लिहून घ्यायचे.

तसे ते सुधारक होते बरं का. अस्पृश्यतेवर भाषणं करत. टाळ्या पडत. घरी माझा कप न्हाणीघराच्या भिंतीवर पालथा. एकदा मी चुकून दुसरा कप उचलला, तर डॉक्टरांची बायको ओरडली नाही की काही नाही. तो कप गुपचूप माझ्याकडंच ठेव म्हणाली. दोन कप झाले माझे. चैन!

मोजायच्या सामानाच्या दोन पेट्या होत्या. एक चांगली, आतून मखमल लावलेली. त्यात विलायती टेप, डोकं मोजायचा चिमटा, चकचकीत. ती पेटी टांग्यात डॉक्टरांच्या मांडीवर. दुसरी देवदारी खोक्याची, तिचा टेप कापडी, बाजारातून आणलेला. ती माझ्या डोक्यावर, टांग्यामागून चालत. चांगली पेटी ब्राह्मण आळीत, वकिलांच्या घरी, शेतकऱ्यांच्या ओसरीवर उघडायची. माझी पेटी महारवाड्यात, मांगवाड्यात, चांभारांच्या दारात. एकीचं सामान दुसरीत घालायचं नाही. नाव कुणी काही ठेवलं नव्हतं, पण एक सोवळी आणि एक ओवळी, सरळ होतं.

उचगावला गेलो तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका बागायतदाराच्या ओसरीवर मोजणी होती. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं मोजलं. आधी सगळे बसले, ताक प्याले, गप्पा मारल्या. मग डॉक्टर एकेकाला म्हणत, “हं, छाती भरून श्वास घ्या अण्णा. अजून. अजून घ्या. शाब्बास.” मी फाटकाबाहेर बसून आकडे लिहिले. डॉक्टर आतून ओरडून सांगायचे, मी लिहायची. आकड्याला विटाळ होत नाही. दुपारी तिथल्याच महारवाड्यात गेलो. बायका शेतावरून आलेल्या, डोक्यावर वैरणीचे भारे. भारा टाकला की उभी राहा, की मोज. दम लागलेला. मी म्हणाले, “डॉक्टरसाहेब, जरा बसू दे ह्यांना.” तर लांबनं म्हणाले, “आपल्याला दिवे लागायच्या आत परतायचंय.”

आणखी एक होतं. माझा कापडी टेप उन्हापावसात फिरून ओढला गेला होता. ताणलेला टेप कमी दाखवतो. हे मला कळलं ते असं, की एकदा बंगल्याच्या मागं दोन्ही पेट्या उन्हात वाळत घातल्या होत्या आणि कुणी नव्हतं, तर मी दोन्ही टेप शेजारी शेजारी धरले. माझा टेप लांब. अंगाला आग लागल्यासारखं झालं. धावत जाऊन सांगितलं.

डॉक्टर पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, “माहीत आहे मला.”

“मग एकच टेप वापरू.”

आता त्यांनी मान वर केली. हसले. “आणि तुझ्या पेटीतला टेप घेऊन मी ब्राह्मण आळीत गेलो, तर कोण लावून घेईल? घरात तरी घेतील का मला? अगं, शास्त्र समाजाच्या परवानगीनं चालतं. फरक क्षुल्लक आहे. सोडून दे.”

“आणि चांगला टेप महारवाड्यात नेला तर?”

डॉक्टरांनी पुस्तकाचं पान उलटलं.

मी का सोडून गेले नाही? कुठं जाणार? डॉक्टरांनी शब्द दिला होता, नीट काम कर, तुला मुंबईला शिकायला पाठवतो, माझ्या एका शब्दावर तिथलं दार उघडेल. ते खोटं नव्हतं. खरंच उघडलं असतं. आणि माझ्यासाठी दुसरं दार कुणीच ठेवलेलं नव्हतं. त्यांच्या कपाटातली पुस्तकं मला वाचायला मिळायची, जमिनीवर बसून, पण मिळायची. आमची माणसं का मरतात ते त्यांत कुठंतरी असेल म्हणून मी अधाशासारखी वाचायची. पुस्तकात माझं नाक होतं, माझं कपाळ होतं. मरण नव्हतं. तरी वाचायची. फासात अडकलेलं जनावर हिसडे देतं नि फास अजून आवळतो, तशी माझी गत होती.

अशात निपाणीला वखारीतल्या बायका उठल्या. कामावर बसल्या नाहीत, अंगणात येऊन बसल्या. म्हणाल्या, खिडक्या उघडा, जीव गुदमरतोय, बायका मरायला लागल्यात. पुढं होऊन बोलली ती आमची आक्का. वखारीचा शेटजी म्हणाला, बायकांचं नाटक आहे. प्रकरण प्रांतसाहेबांकडं गेलं. प्रांत म्हणजे सरकारी मोठा साहेब, आपल्यातलाच हिंदी माणूस, हॅट घालणारा. त्यानं डॉक्टरांना बोलावलं. बायकांची तपासणी करून सांगा, खोकला कशाचा.

मला आनंद झाला. हो, आनंद. वाटलं, आता शास्त्र आमच्या कामाला येणार.

निपाणीला मी वखारीतल्या झाडून सगळ्या बायका मोजल्या. आधी कुणी पुढं येईना. मग आक्कानं सगळ्यांना सांगितलं, “माझी भन हाय. शिकल्याली हाय. ती मोजंल तर खिडक्या उघडतील. लाजू नगासा.” मग आल्या. लुगड्यावरून टेप लावायची, तरी हाताला फासळ्या लागायच्या. एकेकीचा श्वास टेपाखाली असा वाजायचा की वाटावं, भाता फाटलाय. मी आकडा सांगायची, डॉक्टर लांबनं लिहायचे. काम करताना बायका मला म्हणत, “लिव्ह गं पोरी, नीट लिव्ह. आमचं कायतरी बरं कर.”

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रवासी बंगल्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी मला अहवाल सांगायला घेतला. मी जमिनीवर बसून लिहीत होते.

“लिही. तंबाखूच्या धुळीचा दोष दिसत नाही. ह्या जातीच्या स्त्रियांची छाती उपजतच अरुंद आणि फुफ्फुसं दुर्बळ असतात. खोकला त्यामुळे. खिडक्या उघडून विशेष लाभ होणार नाही.”

माझा टाक थांबला.

“लिहिलंस?”

“डॉक्टरसाहेब, वखारीत यायच्या आधी ह्यांची छाती केवढी होती?”

“ते कुणाला माहीत? आधी कुणी मोजलंच नव्हतं.”

“मग उपजत कसं म्हणता?”

मला वाटलं, रागावतील. नाही रागावले. मागं टेकले, चष्मा पुसला, मायेनं बोलले. मायेनं बोलले म्हणून तर जास्त भीती वाटली. “हे बघ, उद्या प्रांतसाहेब येणार आहेत वखारीत. सगळ्यांसमोर एकीला मोजून दाखव आणि हे तूच सांग. तू त्यांच्यातली. तुझ्या तोंडून आलं की कुणी शंका घेणार नाही. परवाच मी मुंबईला कळवतो. तुझं काम झालं म्हणून समज.”

संध्याकाळी घरी गेले. आक्कानं माझ्यासाठी आंबाडीची भाजी केली होती. पाटा धुऊन चटणी वाटली होती. खोकत खोकत वाढत होती. “उद्या उघडतील का गं खिडक्या?”

“बघू.”

“बघू काय? तू हायस की तितं.”

मला तिचा राग आला. खरंच सांगते, राग आला. ही बया मध्ये नसती तर मी मुंबईला गेले असते. हो म्हणावं, तर आक्का त्या बंद खिडक्यांच्या आत मरणार, आणि माझ्या शब्दानं मरणार. नाही म्हणावं, तर मी जन्मभर हितंच. उद्या मलाही पदर बांधून आत बसावं लागणार, तिच्या शेजारी. घास गिळेना. आक्का म्हणाली, “जेव की. दिष्ट लागली का काय माझ्या पोरीला?” आणि मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका लागला तो तिलाच.

सकाळी वखारीच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. प्रांतसाहेब, शेटजी, डॉक्टर. भिंतीला लागून बायका बसलेल्या. फाटकापाशी गावातली दहा माणसं बघायला जमलेली, त्यांत डॉक्टरांच्या नात्यातले एक-दोघे. बायकांत कुजबुज झाली तर गुमास्ता कानडीत खेकसला, “सुम्मनिर्री!” गप बसा. बसल्या गप.

“कुणाला मोजायचं?” डॉक्टरांनी विचारलं.

शेटजीनं बोट केलं. आक्काकडं. खिडक्यांसाठी तोंड तिनंच उघडलं होतं ना.

आक्का पुढं आली. पदर खोचला, हात वर केले. मी तिच्या पाठीमागून टेप घेतला, पुढं आणला. “श्वास घे, आक्का.” तिनं घेतला. अर्ध्यावर अडकला. खोकल्याची उबळ आली, सगळं अंग माझ्या हातात गदगदलं. मी टेप सोडला नाही. उबळ गेली. परत घेतला श्वास. घेतला म्हणजे काय, जेवढा आत जाईल तेवढा. मी टेपावर बघितलं. आकडा दिसला.

“किती?” डॉक्टर म्हणाले. वही-टाक तयार.

आकडा माझ्या जिभेवर होता. मी वर बघितलं, तर आक्का माझ्याकडंच बघत होती. खुशीत होती बिचारी. तिला वाटत होतं, आता खिडक्या उघडणार.

“किती? मोठ्यानं सांग.”

“सांगणार न्हाय.”

इतकी वर्षं शुद्ध बोलले होते. त्या दिवशी गावचं तोंड सुटलं.

“काय?”

“आकडा सांगणार न्हाय. त्याचा अर्थ तुम्ही कालच लिवून ठेवलाय. छाती मोजायच्या आधी वखार मोजा. खिडक्या किती, त्यांत खिळे किती, ते मोजा. मग सांगते आकडा.”

प्रांतसाहेबांनी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर लाल झाले, पण आवाज चढवला नाही. “मुलगी घाबरली आहे,” ते म्हणाले. “हरकत नाही. मीच बघतो.”

आणि उठले. चार पावलं आले. माझे दोन्ही हात आक्काच्या छातीपुढं, टेपाची टोकं चिमटीत धरलेली. आकडा तिथंच होता, माझ्या बोटांखाली. वाकून वाचायचा, बस. डॉक्टर हातभर अंतरावर आले आणि थांबले.

त्यांनी फाटकाकडं बघितलं. नातेवाईक बघत होते. शेटजी बघत होता. टेप माझ्या पेटीतला. त्याखाली महाराची बाई, तिचं लुगडं, तिचा घाम. वाचायचं तर तोंड तिच्या छातीपाशी न्यायला लागणार, तिचा श्वास अंगावर घ्यायला लागणार. एवढं मोठं पुस्तक लिहिणारा माणूस. विलायतेला जाऊन आलेला. समुद्र ओलांडून गेला होता, हातभर जमीन ओलांडता येईना.

मी म्हणाले, “या की डॉक्टरसाहेब. वाचा. मी धरलंय.”

कुणी हललं नाही. आक्कानं हात वरच ठेवले होते, कुणी खाली घे म्हणालं नव्हतं म्हणून. तिचे दंड थरथरायला लागले. मी तरी टेप सोडला नाही. असं वाटत होतं की जन्मात पहिल्यांदा मी सरळ उभी आहे. पहिल्या दिवशी छडी अंगाला का लागली नाही, ते मला तेव्हा कळलं. तो मान नव्हता. त्यांना आम्ही हवे होतो, पण लांबनं हवे होतो.

“साहेब, आपण बघता का?” डॉक्टर प्रांताला म्हणाले.

प्रांतसाहेबानं हॅट सारखी केली. घड्याळ बघितलं. “काही गरज नाही. बाकीच्या बायकांचे आकडे आहेत ना तुमच्याकडे? तेवढ्यावर भागेल.” आणि उठला.

म्हणजे भागलं की हो! मी सांगितलं काय, न सांगितलं काय. अहवाल तसाच गेला. खिडक्या तशाच राहिल्या. जाता जाता डॉक्टर मला एवढंच म्हणाले, “उपकारांची ही फेड केलीस?” पेटी माझ्याकडनं परत मागितली नाही. तिला आता कोण हात लावणार?

दुसऱ्या दिवशी आक्काला वखारीच्या फाटकातूनच परत पाठवलं. बाकीच्या बायका कामावर बसल्या. बसणार नाहीत तर खातील काय? त्यांतल्या दोघी-तिघी आमच्या दारात येऊन मला बोलून गेल्या. “शिकलीस गं बाई, आन आमच्या अन्नात माती कालवलीस.” मी ऐकून घेतलं. काय तोंड होतं मला? मुंबई गेली, आक्काचं काम गेलं, खिडकी एक उघडली नाही. घरात बसून मी भिंतीकडं बघत राहायची.

एका सकाळी आक्का दारात तांदूळ निवडत होती. मान खाली घालूनच म्हणाली, “कितीचा हुता गं त्यो?”

“काय कितीचा?”

“आकडा.”

“तुला काय करायचाय?”

“काय करायचाय म्हंजी? माझा हाय म्हणून.”

मी बघतच राहिले. कितीतरी गावांत हिंडले होते मी. शेकडो बायकांच्या अंगाला टेप लावला होता. आकडा ओरडून झाडाखालच्या खुर्चीला सांगितला होता. एकीलाही सांगितला नव्हता. एकीनं विचारलाही नव्हता. माझ्या काय, कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मी तिच्या शेजारी बसले. तिच्या कानात सांगितला.

आक्कानं बोटांवर काहीतरी हिशेब केला. मग उठली, आत गेली, ट्रंकेच्या तळातून एक खणाची चोळी काढून आणली. “वखारीत लागले त्या साली जत्रेला शिवलीती. तवा गाठ मारताना जीव जायचा. आता बघ.” चोळी अंगात घातली. पुढची दोन्ही टोकं एकमेकांवर चढली, वर वीतभर कापड लोंबायला लागलं. माझी आक्का त्या चोळीत हरवून गेली होती. मी पेटीतला टेप काढला आणि चोळी मोजली, आतल्या शिवणीपासून शिवणीपर्यंत. उपजत म्हणे! उपजत!

आधी कुणी मोजलं नव्हतं म्हणाले होते डॉक्टर. मोजलं होतं. गावच्या शिंप्यानं मोजलं होतं.

त्या दिवसापासून मी महारवाड्यातल्या एकेका दारात गेले. ज्या शिव्या देऊन गेल्या होत्या, त्यांच्याही. “जुनी चोळी हाय का गं ठेवल्याली? वखारीत जायच्या आधीची?” काही म्हणाल्या, चल निघ. काहींनी ट्रंका उघडल्या. विटलेल्या, कसर लागलेल्या चोळ्या. त्या घालून बायका माझ्यापुढं उभ्या राहिल्या आणि मान खाली घालून स्वतःकडं बघत राहिल्या.

आक्का पुढच्या थंडीत गेली. तिचा देह धुवायला मी बसले होते. मी मुंबईला आले ती कुणाच्या शब्दावर नाही. इस्पितळात बाटल्या धुवायला आले आणि बाटल्या धुता धुता शिकले. डॉक्टरांचं पुस्तक छापून आलं. आमच्या इथल्या कपाटात आहे. माझ्या हातानं मोजलेल्या बायका त्यात आहेत, ‘उपजत’ म्हणून. माझे वरचे साहेब त्यातला आधार देतात आणि मला तो मान खाली घालून उतरवून घ्यावा लागतो. चोळ्यांचं सांगितलं तर हसतात. चोळी हा पुरावा नव्हे म्हणतात. निपाणीच्या खिडक्या अजून बंद आहेत. मागचं दार अजून मागचंच आहे.

हसू दे. दर सुट्टीत मी निपाणीला जाते. चोळी मोजते, मग बाई मोजते. झाडाखाली कुणाची खुर्ची नसते. मी वाकते, टेप वाचते आणि आधी तिच्या कानात तिचा आकडा सांगते. ती म्हणाली लिव्ह, तर लिहिते. नको म्हणाली, तर लिहीत नाही. ते पुस्तक खोटं ठरवल्याशिवाय मी मरणार नाही. आणि माझ्या हातात टेप आहे तोवर आमच्या बाईचा आकडा आधी आमच्या बाईला कळेल. मग सरकारला. मग तुम्हाला.